‘अबे’चा ‘सर’ झालो

साकोलीजवळच्या आमच्या गावात एक म्हातारे शेतकरी होते, सगळे त्यांना बाबा म्हणायचे. ते तलावाखालच्या बांधीत धान लावायचे आणि दर गुरुवारी आपल्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, भजनाला बसायचे. मी त्यांना गुरू मानलं तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. दीक्षा, मंत्र असलं काही त्यांनी दिलं नाही. ते सगळ्यांनाच ‘अबे’ म्हणायचे, पण मला म्हणताना त्यात जरा जास्त माया असते, असं मी धरून चाललो होतो. बाप गेल्यापासून इतक्या हक्कानं मला कुणी हाक मारली नव्हती.

मग मी हेडमास्तर झालो आणि डोक्यात हवा गेली. एका गुरुवारी शाळेतल्या नव्या शिक्षकांना मोठ्या कौतुकानं बाबांकडे नेलं. बाबा मला म्हणाले, “अबे, पाहून काय राहिला, पाणी आन सगळ्याइले.” शिक्षक गालात हसले. मी पाणी आणलं, पण आतून जळत होतो. दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो.

“बाबा, लोकाइसमोर मले अबे नका म्हणत जाऊ. आता मी हेडमास्तर झालो.”

“बरं,” बाबा म्हणाले.

पुढच्या गुरुवारी सपरीत माझ्यासाठी खुर्ची होती. “या सर, बसा.” खोटं कशाला सांगू, त्या दिवशी बरं वाटलं. महिन्याभरात तीच खुर्ची टोचायला लागली. सतरंजीवर बसलो तर, “सर, वर बसा.” पाया पडायला वाकलो तर पाय मागे. दोघंच असलो तरी ‘सर’. वाटलं, म्हातारा उट्टं काढतोय. दोन वर्षं मी गेलोच नाही. चूक माझी, आणि वर रुसलोही मीच.

यंदा बाबांना भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवल्याचं कळलं, तसा धावत गेलो. त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडलो.

“बाबा, चुकलो. एकदा अबे म्हणा ना मले.”

त्यांचेही डोळे भरून आले. “कसं म्हनू सर? आजवर तुमी माह्याजवळ एवढंच तं मांगतलं.”

समर्पणाच्या गोष्टी मी गावभर सांगत फिरलो होतो, आणि शब्द पाळत होते ते. मला तोंड वर करवेना.

थोड्या वेळानं त्यांचा जीव घाबरा झाला. पलंगापाशी त्यांचा मोठा मुलगा उभा होता. “अबे, खिडकी उघड,” ते त्याला म्हणाले. त्याच्याआधी मीच उठलो.

“तुमी बसा, सर,” बाबा म्हणाले. माझ्याशी ते शेवटचं एवढंच बोलले.