बाथरूममधलं उतरतं कपाट

चष्मेवाल्याला स्वतःच्या हातांचा भारी अभिमान होता. मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू तो दुकानात गप्पा मारता मारता बसवत असे. घरात मात्र त्याच हातांची अब्रू कधीच गेली होती. त्याने ठोकलेल्या खिळ्यावर कॅलेंडरसुद्धा टिकत नसे. वडील येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, "याच्या हातून खिळा भिंतीत कमी, अंगठ्यात जास्त."

पन्नाशी उलटली तरी वडिलांच्या तोंडून एकदा "छान केलंस" ऐकावं, अशी त्याची फार इच्छा होती. हे तो कुणाला सांगत नसे. पिकल्या केसांना ते शोभलं नसतं. म्हणून बेसिनवर कपाट लावायचं निघालं आणि बायको म्हणाली, "अहो, सुताराला बोलवा ना," तेव्हा हा उसळला.

"सुतार कशाला? मी काय मेलोय?"

"अजून तरी नाही," बायको म्हणाली, "पण तुमच्या हातात ड्रिल आहे."

छाप पाडायची तर बाथरूममध्येच पाडायला हवी होती. तिथल्या टाइल्स वडिलांनी स्वतः बसवल्या होत्या. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडणाऱ्या माणसाने रजा काढून केलेलं ते एकमेव बांधकाम, आणि त्याचा त्यांना कोण तोरा! आता त्यांना दिसेनासं झालं होतं. मुलाच्या दुकानातला एकही नंबर त्यांच्या कामाचा उरला नव्हता. टाइल्सच्या सांध्यावर बोट ठेवून ते बेसिनपर्यंत जात.

चष्मेवाल्याने नवीकोरी पाणसळ आणली, ती बुडबुड्याची पट्टी. टाइलवर चिकटपट्टी लावून भोकं पाडली. एका टाइलचा टवका उडाला, तो त्याने पायाने मोरीत ढकलला. घामाघूम होऊन कपाट चढवलं, वर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यभागी! त्याने बायकोला हाक मारली.

"वाकडं आहे," ती दारातूनच म्हणाली.

"शक्यच नाही. बुडबुडा बघ."

"बुडबुडा तुम्ही बघा. मी कपाट बघतेय."

खरंच, खालचा सांधा डावीकडे कपाटाला चिकटला होता आणि उजवीकडे चांगला दोन बोटं खाली गेला होता. चष्मेवाला चक्रावला. मग त्याने पाणसळ सांध्याला लावली, तर बुडबुडा डावीकडे धूम पळाला. कपाट सरळ होतं. वाकड्या होत्या त्या टाइल्स!

त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आयुष्यभर ऐकून घेतलेल्या टोमण्यांची एकदम परतफेड हातात आली होती. पाणसळ परजत तो बाहेरच्या खोलीत धावला.

तिथे वडील शेजारच्या काकांना रंगवून सांगत होते. "गवंड्याला हात लावू दिला नाही मी. दोरी ताणली. एक टोक माझ्याकडे, दुसरं याच्या आईकडे. तिला आठवा महिना, हाच होता पोटात. म्हणाली, हात भरून आले हो. म्हटलं, खूण होईपर्यंत धर. धरलं बिचारीने. आजही बोट फिरवतो ना, तर ती पलीकडे उभी आहे असं वाटतं. ओळ तसूभर हलली नाही बघा."

चष्मेवाला जागच्या जागी थिजला. उतार आईच्या दमलेल्या हातांचा होता, आणि तिला दमवणारा इसम पाणसळ घेऊन न्याय करायला निघाला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"काय रे, झालं का काम?" पावलं ओळखून वडिलांनी विचारलं.

"थोडं राहिलंय, बाबा. वाकडं बसलंय."

"वाटलंच मला."

त्याने कपाट उतरवलं, नवी भोकं पाडली आणि सांध्याला धरून ते मुद्दाम तिरकं बसवलं. जुनी भोकं मागे झाकली गेली. आतली तेलाची बाटली आडवी झाली आणि घरंगळत उजव्या कोपऱ्यात गेली. बिजागऱ्या नेमक्या उतरत्या बाजूला, त्यामुळे दार आपोआप उघडू लागलं. बायकोने एकदा कपाटाकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. तिनेही बाहेरचं बोलणं ऐकलं होतं.

वडील आले. सांध्यावरून एक बोट आणि कपाटाच्या तळावरून दुसरं, असे ते डावीकडून उजवीकडे सावकाश गेले. टोकाशी थांबले. पुन्हा मागे आले. चष्मेवाल्याने उघडणारं दार एका हाताने दाबून धरलं होतं.

"एका रेषेत आहे," ते म्हणाले. "छान केलंस रे. बापावर गेलास."

चष्मेवाल्याचे डोळे भरून आले. पण त्याचा एक हात दार दाबून धरण्यात अडकला होता आणि दुसऱ्यात ड्रिल होतं, त्यामुळे त्याला ते पुसता आले नाहीत.