दुलयांच्या कोठीची किल्ली

माझा भाचा अर्दवान रॅप म्हणतो हे मला सगळ्यांत शेवटी कळलं, आणि तेही माझ्याच दुकानात. इराणातल्या हमदानच्या बाजारात पिंजाऱ्यांच्या ओळीत माझं दुकान. मागं कोठी, आणि कोठीत छताला टेकतील एवढ्या दुलया. दुपारी बाजार बंद झाला की मी घरी जेवून डुलकी काढायचो, कोठीची किल्ली पोराकडं असायची. एकदा चष्मा विसरला म्हणून मधूनच परत आलो, तर हे महाशय गिऱ्हाइकाची लग्नाची दुलई डोक्यावरून पांघरून, हातात माइक धरून, घामानं निथळतायत.

"काय रे गाढवा, थंडीताप आलाय का?"

"मामा, आधी दार लावा! आवाज बाहेर जातोय."

"कुणाचा आवाज?"

"माझा. कापूस आवाज पितो, मामा. अख्ख्या हमदानात असली खोली नाही."

"अरे, त्या दुलईत नवरा-नवरी झोपायची आहेत! त्यांच्या आधी तू शिरलास?" असं म्हणून मी त्याला जोडा फेकून मारला. लागला नाही. माझा नेम कधीच लागत नाही.

अर्दवानचा बाप मालट्रक चालवायचा. असदाबादच्या घाटात, बर्फात गेला. माझी बहीण तूबा दोन लेकरं घेऊन माझ्या शेजारी राहायला आली. अर्दवान मोठा, परीनाज धाकटी. शाळेत पोराला जुन्या कविता तोंडपाठ, पण म्हणताना शेवटची ओळ स्वतःची घालायचा, म्हणून मास्तर त्याला वर्गाबाहेर काढायचे. सक्तीची लष्करी नोकरी करून आला तो गप्प गप्प, आणि माझ्याकडं कापूस पिंजायला लागला.

त्याचं पहिलं गाणं बापावर होतं. घाट, बर्फ, बंद पडलेला हीटर, आणि घरी पोचवायची राहिलेली डाळिंबं. चेहरा दाखवला नाही, नाव लावलं 'पंबे', म्हणजे कापूस. वर्षभरात ते गाणं ट्रकवाल्यांच्या तोंडी बसलं. आमच्याकडं गाण्याला सरकारी परवाना लागतो, तो नव्हताच. परवाना मागायला जायचं म्हणजे आपणहून घरचा पत्ता द्यायचा. मला विचाराल तर गाणं कसलं, भांडणच ते! पण घाटाचं गाणं ऐकून मी रडलो, हे खोटं कशाला सांगू?

मग एकदा सरकारी माणसांनी त्याला उचलून नेलं. परत आला तेव्हा गालफडं बसली होती. तूबानं मटणाचा आबगूश्त समोर ठेवला, तर पोराला घास गिळेना. गाणी कुठं रेकॉर्ड करतोस असं त्याला पुन्हा पुन्हा विचारलं होतं. त्यानं माझ्या दुकानाचं नाव घेतलं नाही. त्यानंतर मी त्याच्याकडं किल्ली परत मागितली नाही.

अशात परीनाजला बेहरंगचं स्थळ आलं. मुलगा सरकारी खात्यात, निर्व्यसनी, आणि पोरीच्या मनातला. मुलाचे वडील हाजी सलामती रीतीप्रमाणे बाजारात चौकशीला येणार होते. आमच्यात मुलीच्या घराची परीक्षा घरात होत नाही, गल्लीतल्या दुकानांत होते. मी अख्ख्या ओळीला पढवून ठेवलं की भाऊ काय करतो विचारलं, तर कापूस पिंजतो म्हणायचं, बास. सगळ्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

आणि आमच्या गल्लीतल्या भाकरीवाल्या नानवायानं घात केला. भाकरी भाजणाऱ्या माणसाला तोंड भाजल्याशिवाय कळत नाही! हाजी म्हणाले, "भाऊ साधा पिंजारी आहे म्हणे?" झालं. आपल्या गल्लीच्या पोराला कुणी साधा म्हणावं, हे त्याला कसं खपणार? "साधा? अहो हाजी, तोच तर पंबे! ट्रकवाल्यांना विचारा!"

हाजी तसेच माझ्या दुकानात आले. चहाला हात लावला नाही.

"उस्ताद, मुलगी सोन्यासारखी आहे. पण माझ्या मुलाच्या नोकरीत सोयऱ्यांचीही चौकशी होते. उद्या हा पुन्हा आत गेला, तर माझं पोरगं घरी बसेल. यानं गाणं सोडावं. नाहीतर इथंच खुदा हाफिज."

माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं. मी काही बोलायच्या आत कोठीतून अर्दवान बाहेर आला. दाढीत कापूस अडकलेला.

"सोडलं," तो म्हणाला.

"शब्द?"

"शब्द."

हाजी गेले, आणि त्यानं कोठीची किल्ली माझ्या तराजूत ठेवली. मी ती खिशात टाकली.

परीनाजला आम्ही यातलं अवाक्षर सांगितलं नाही. पण नानवायाच्या पोटात काही राहतं थोडंच! भाकरी आणायला गेली तेव्हा तिला कळलं. घरी येऊन ती भावाला फाडफाड बोलली.

"दादा, मला विचारलंस? माझ्या सुखाचा सौदा मला न विचारता?"

"गाणं काय गं, पुन्हा येईल."

"येईल म्हणे! महिनाभर साधं गुणगुणला तरी आहेस का?"

निकाहाच्या दिवशी आरसा-मेणबत्त्या मांडून झाल्या. नवरा-नवरीच्या डोक्यावर पांढरं कापड धरून बायका संसार गोड व्हावा म्हणून साखरेच्या ढेपा घासत होत्या. मौलवींनी नवरीला पहिल्यांदा विचारलं, कबूल आहे का? नवरी गप्प. बायका ओरडल्या, "नवरी फुलं वेचायला गेलीय!" दुसऱ्यांदा विचारलं. "नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय!" रीतच ती. तिसऱ्यांदा विचारायच्या आधी सासूनं सोन्याचं कडं पुढं केलं. नवरीनं तोंड उघडावं म्हणून सासरकडून ही भेट द्यायची असते.

तिसऱ्यांदा विचारलं. परीनाज गप्प.

ढेपा घासणारे हात थांबले. तूबानं माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली. बेहरंगचा चेहरा पांढराफटक.

परीनाजनं ते कडं उचललं आणि हलकेच सासूच्या मांडीवर ठेवलं.

"आई, रागावू नका. तोंड उघडायची भेट मला वेगळी हवीय. बाबांनी माझ्या दादाला त्याच्या शब्दातून मोकळं करावं. त्याचं तोंड बंद करून मी माझं कसं उघडू?"

हाजी लालबुंद झाले. "पोरी, माझ्या मुलाच्या भाकरीचा प्रश्न आहे."

तेव्हा बेहरंग बोलला. "भाकरी माझी आहे, बाबा. गेली तर दुसरी शोधीन. ही गेली तर?"

हाजींनी एकदा मौलवींकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मी छताकडं पाहिलं.

"सोडला," ते पुटपुटले.

"मोठ्यानं, बाबा," परीनाज म्हणाली.

"सोडला म्हणतोय ना! मोकळा केला! आता तरी हो म्हण, मौलवींना दुसरीकडं जायचंय!"

"थोरामोठ्यांच्या परवानगीनं, हो," ती म्हणाली, आणि बायकांचा एकच गलका उठला.

अर्दवान दारापाशी उभा होता. मी जाऊन त्याच्या पाठीत धपाटा घातला. "अरे, बहिणीचं लग्न लागलंय, काहीतरी बोल की!"

त्यानं डोळे पुसले आणि माझ्यापुढं हात पसरला.

"मामा," तो म्हणाला, "किल्ली द्या."