दादाने भरलेला सांधा

नवरा गेल्यावर वहिनींनी गॅरेज बंद केलं नाही. पाच वर्षांत गावभरच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, फक्त सख्ख्या दिराची जुनी गाडी यायची नाही. "ती दादाच्या हातची आहे," एवढंच तो म्हणायचा.

त्या दुपारी मात्र तो ती दोर बांधून ओढत घेऊन आला. पाऊस झाला की आत पाणी यायचं आणि चालता चालता गाडी बंद पडायची. दोघा मेकॅनिकांनी बॅटरी बदलली, दारांची रबरं बदलली. पाणी येतच राहिलं. आज डायलिसिसहून बायकोला आणताना ती रेल्वे फाटकात रुळांवरच बंद पडली. फाटकवाल्याच्या मदतीने ढकलून बाहेर काढली, तेव्हा लांबून इंजिन दिसायला लागलं होतं.

"परवा पुन्हा जायचंय," तो म्हणाला.

वहिनींनी सीट काढली, ओला गालिचा उचलला. फ्यूजच्या डब्यावर हिरवी बुरशी चढावी तसा गंज. टॉर्च घेऊन त्या आत आडव्या झाल्या.

"भाऊजी, बाहेरून पाण्याची नळी मारा, खालून वर न्या. एका जागी पाच मिनिटं. मी सांगेपर्यंत पुढे सरकायचं नाही."

दार कोरडं. पुढच्या काचेची खालची कड कोरडी. अर्धा तास गेला. नळी काचेच्या वरच्या कोपऱ्यावर आली, आणि काचेलगतच्या पत्र्याच्या खांबातून एक थेंब ओघळला. मग दुसरा, थेट डब्यावर.

"थांबा."

त्या कोपऱ्यात नवऱ्याने भरलेला सांधा होता. वहिनींनी पटाशी उचलली तसा दीर आडवा आला.

"त्याला हात लावू नका. दादाचं काम आहे ते."

"माहितेय. टॉर्च धरून मीच उभी होते." वहिनींनी पटाशी खाली घेतली. "त्या दिवशी घाई होती. खालचा गंज त्यांनी खरवडलाच नाही. मी बघितलं आणि गप्प बसले."

बाकावर टेकलेली जाऊ हळूच म्हणाली, "रुळांवर जीव मुठीत धरून मी बसले होते. काढू द्या त्यांना."

तो बाजूला झाला. सांध्यात भरलेला मसाला पापुद्र्यासारखा सुटला. खाली बोट जाईल एवढं भोक. वहिनींनी काच उतरवली, स्वच्छ पत्रा लागेपर्यंत घासलं, ठिगळ जोडलं, सांधा नव्याने भरला आणि डब्यातल्या गंजलेल्या तारा बदलल्या. मधे त्यांनी एकदा पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सांधा सुकल्यावर दीर स्वतः आत आडवा झाला. वहिनींनी नळी धरली. पंधरा मिनिटं तो बोटांनी खांब चाचपत राहिला.

"कोरडं आहे," तो शेवटी म्हणाला. "पण अजून दहा मिनिटं मारा, वहिनी."

त्यांनी वीस मिनिटं मारलं.