समितीचा उपास

पवनारच्या रस्त्याला आमचं निवासगृह होतं. तुरुंगातून सुटलेल्या आणि घरच्यांनी दारात उभं न केलेल्या बायका तिथं काही महिने राहत, काम शिकत आणि बाहेर पडत. मी तिथली व्यवस्थापिका. पन्नासच्या दशकात असल्या कामाला फार मान होता. भाषणात.

त्यांतली एक रोहण्याकडची. अंगावर आलेल्या दिराच्या डोक्यात तिनं मुसळ घातलं आणि तो मेला. शिक्षा भोगून ती गावी गेली, तर सासरच्यांनी वेशीवरूनच परत धाडली. आता आमच्याकडची मुदतही संपत आली होती. निवासगृह चालवणाऱ्या समितीचंच मुलींचं एक वसतिगृह होतं, तिथं स्वयंपाकीण हवी होती. ती जागा मिळाली तर डोक्यावर छप्पर, नाही तर रस्ता. समितीचा रिवाज असा, की स्वयंपाकीण नेमण्याआधी सभासदांनी तिच्या हातचं एकदा जेवायचं.

एका बुधवारी चौघे आले. तिनं सकाळपासून खपून वरण-भात, पोळ्या, भरली वांगी केली होती. पाटापर्यंत आल्यावर अध्यक्ष म्हणाले, "माझा आज उपास आहे." समितीतल्या बाईंना लगेच आठवलं, त्यांचाही होता. चिटणीसांचाही निघाला. चौथ्यांनी जरा विचार केला आणि पोट बिघडल्याचं सांगितलं.

ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "उपास हाये तं भगर टाकू काय, बाई? शेंगदाणे बी हायेत. किती वेळ लागते?"

"निर्जळी आहे," अध्यक्ष म्हणाले.

"बुधवारचा?" मी विचारलं.

"नवस आहे."

"तिघांचा एकच?"

समितीच्या बाई हसल्या. "तुम्ही फार तोंडाळ हो! आमच्या मनात काही नाही. पण रिवाजाप्रमाणं जेवणच झालं नाही, तर नेमणूक कशी करणार? पुढच्या वेळी बघू."

अध्यक्षांनी पतितांच्या उद्धाराविषयी चार वाक्यं सांगितली, ओसरीवर येऊन डबा उघडला आणि पान लावून तोंडात टाकलं. निर्जळी नवसाची लाल पिंक माझ्या सारवलेल्या अंगणात पडली. तुरुंगातून आलेल्या बायकांची घाण मी हातानं काढली आहे, तेव्हा काही वाटलं नव्हतं. त्या पिंकेची मात्र शिसारी आली.

"काऊन जेवले नाई, थे मले समजते," ती ताटं उचलत म्हणाली. "जशी काई मी वाढाले बी मुसळच आणतो. बसा तुमी, थंडं होऊन राह्यलं."

आम्ही सगळ्याजणी जेवलो. वांगी चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला वर्ध्यात स्टेशनजवळच्या खानावळीत नेलं. मालकानं विचारलं, "याआधी कुठं करत होती?"

"जेलात."

"मंग गर्दीची सवय असन. मागची खोली रिकामी हाये. उद्या येजो."

वार्षिक सभेत अध्यक्षांनी सांगितलं, की समितीनं एका भगिनीला स्वतःच्या पायांवर उभं केलं. टाळ्या झाल्या. तिला हार घालायचा होता, म्हणून चिटणीसांनी खानावळीत माणूस पाठवला. तो एकटाच परत आला.

"ती म्हन्ते, पोळ्या लाटून राह्यली," त्यानं भर सभेत सांगितलं. "अध्यक्षसाहेबाले हार घालाचा असन तं जेवाच्या टायमाले या म्हन्ते. ताटाचे पैसे पडतीन."

"पाहा," समितीच्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "यांना उपकाराची जाणच नसते."

हार अध्यक्षांनाच घातला. ते नको नको म्हणाले, आणि मान पुढं केली.