कपाळावरचा पांढरा डाग

उत्तरेतल्या या तीर्थक्षेत्री, ब्रह्मा घाटाजवळच्या माझ्या दवाखान्यात ती सासूला घेऊन आली, तेव्हा तिने डोक्यावरचा पदर पार भुवयांपर्यंत ओढला होता. जवळच्या एका धर्मशाळेत ती स्वयंपाक करायची. मॅनेजरने तिला दोन दिवसांपूर्वी घरी बसवलं होतं.

सासू रडवेली झाली होती. "माझ्याच तोंडून गेलं हो. शेजारणीने विचारलं, बहू के माथे पे क्या हुआ? मी म्हटलं, कोड आया है."

आपल्या मराठीत कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. शेजारणीला ऐकू आलं कोढ़, म्हणजे हिंदीत महारोग. संध्याकाळपर्यंत ते धर्मशाळेत पोचलं होतं.

मी तिला पदर मागे घ्यायला सांगितलं. कपाळावर चांगली मोठी, लाल टिकली होती आणि तिच्याभोवती पांढरी कड. टिकली काढून, डोळे मिटायला लावून मी कापसाचं टोक डागावर टेकवत गेले. दर वेळी तिने बोट नेमकं तिथेच ठेवलं. महारोगाच्या डागाची संवेदना बहुधा गेलेली असते, हिची शाबूत होती. हातापायांवर, ओठांजवळ, कुठेच दुसरा डाग नव्हता.

"टिकली एवढी मोठी का लावतेस?"

"आधी बारीक लावायची. तिच्याखाली पांढरं दिसायला लागलं, म्हणून झाकायला मोठी घेतली. मग तेही वाढलं. म्हणून ही."

टिकलीच्या मागच्या गोंदाने काहींच्या कातडीचा रंग जातो. झाकायला म्हणून ती डाग वाढवत होती. "हा महारोग नाही," मी म्हटलं. "बहुतेक या गोंदाचंच काम आहे. टिकली बंद कर, मलम देते. रंग यायला महिने लागतील, आणि सगळा येईलच असं मी सांगू शकत नाही."

"म्हणजे कपाळ मोकळं ठेवायचं?" तिचा आवाज एकदम बारीक झाला.

सासूने थोडा विचार केला. "इथल्या बायका भांगात सिंदूर भरतात ना? तूही तसंच कर. मी सांगते म्हणून कर."

दुसऱ्या दिवशी तिला विचारूनच, तिला सोबत घेऊन मी धर्मशाळेत गेले. मॅनेजर भला माणूस होता, पण घाबरलेला. "डॉक्टर साहब, यात्री क्या कहेंगे?"

"जो पूछे, उसे मेरे पास भेज दीजिए," मी म्हटलं, आणि तिचा हात हातात घेऊन तिथेच उभी राहिले. तो बराच वेळ आमच्या हातांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "कल से आ जाइए."

पावसाळा संपेपर्यंत डागात तपकिरी ठिपके उमटले आणि हळूहळू एकमेकांत मिसळत गेले. मध्यभागी मसुराएवढी जागा पांढरीच राहिली. तपासायला आली की ती आता पदर आपणहून मागे घेते. शेजारीण मात्र अजून तिच्या घरचं पाणी पीत नाही. सासू म्हणते, तहान लागली की पिईल.