एसटीच्या मागणीतलं टक्क्याचं चिन्ह

जाहीर पत्रकातली तुमची मागणी यंत्रानं परस्पर बदलली, तर मोर्चा कोणावर न्याल?

माझ्यावर ही वेळ जुन्नरच्या बाजारपेठेत आली, कापडाच्या दुकानावरच्या कॉम्प्युटर क्लासात. दोन हजार सालानंतरची गोष्ट. वडील चळवळीतले; त्यांच्या पत्रकांना घड्या घालतच मी वाचायला शिकले, त्यामुळे अन्याय दिसला की हात आधी कागदाकडे जायचा. आणि अन्याय रोजचाच होता. डिंभे धरणाकडच्या आमच्या गावांना जाणारी संध्याकाळची एसटी मनाला येईल तेव्हा यायची. आईनं सांगून टाकलं होतं, "गाडी रोजची झाली तर शीक, न्हाई तर क्लास बंद."

डेपोचे साहेब दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांना भेटणार होते. आमच्याकडे पत्रकावर आपल्या गावाचं नाव नसेल, तर लोक त्यात भजी बांधतात. म्हणून मी सी भाषेत प्रोग्राम लिहिला. गावाचं नाव बदलत जाईल, मागणी तीच राहील. प्रिंटरला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलं: ST 100% darroj havi.

पत्रकं न्यायला आलेल्या आमच्या गावच्या काकांनी पहिला कागद उचलला. त्यावर होतं: ST 100 1742arroj havi.

"ए पोरी, सतराशे बेचाळीस गाड्या? लावायच्या कुठं, धरणात?"

पुढच्या गावाच्या कागदावर तर उणे आकडा. काका खूश. "ही लई भारी! म्हंजी हाय ती गाडीबी परत न्या म्हनायचं व्हय?"

मी भडकले. लोकांचा आवाज दाबण्याचा हा डाव आहे, असं भाषणच सुरू केलं. क्लास चालवणाऱ्या मारवाडी वहिनींनी पडद्याकडे पाहिलं.

"अगं, भाषण पुरे. टक्क्याचं चिन्ह दिसलं की यंत्राला वाटतं, इथे काहीतरी भरायचंय. मोकळी जागा सोडून पुढे 'darroj'चा d आला, म्हणजे आकडा. तू दिलाच नाहीस, म्हणून त्यानं हाताला लागेल तो ठोकला. चिन्हच छापायचं असेल तर दोनदा लिही."

"मी एकदाच स्पष्ट मागते. यंत्राला दोनदा का विनवायचं?"

"मग जा डिंभ्याला चालत."

मी दोनदा लिहिलं. छापताना चिन्ह एकदाच उमटलं, 'दररोज'ही शाबूत राहिलं. साहेबांनी पत्रक वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या, पण गाडी रोजची झाली. आईनं क्लास चालू ठेवू दिला.

तुम्ही प्रोग्राम लिहीत असाल, तर आजच उघडा. लोकांनी वाचायच्या वाक्यात टक्क्याचं चिन्ह असेल, तर ते दोनदा लिहा. आणि छापलेला पहिला कागद, ज्याची मागणी आहे त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या.