भित्रा उस्ताद

“दांडी आदी माज्या हातात, मंग शिडीला पाय.”

भिवंडीजवळच्या वडप्याला, आमच्या ट्रकच्या यार्डात हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकू यायचं. बोलणारा माणूस साठीच्या पुढचा, काटकुळा, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि डोक्याला टॉवेल. ट्रेलरच्या शिडीपाशी हात पसरून उभा राहायचा. ड्रायव्हर नवा असो की वीस वर्षांचा मुरलेला, लोखंडी दांडी त्याच्या तळहातावर ठेवल्याशिवाय कोणालाही वर चढता यायचं नाही. खुद्द मालक एकदा वर बघायला निघाला, तर त्यालाही अडवलं होतं.

नाशिक हायवेवर तुम्हीही या गाड्या पाहिल्या असतील. वर ताडपत्री, खाली निमुळती होत गेलेली दोन पोटं. यांना हॉपर म्हणतात. यात धान्य पोत्यांशिवाय, मोकळंच भरतात. कारखान्यात जाळी लावलेल्या खड्ड्यावर गाडी उभी करायची, पोटाखालचं झाकण दांडीने फिरवून उघडायचं, की सगळा मका आपोआप खाली. हमाल नकोत, पोती नकोत. बघायला फार सोपं काम आहे.

पण मका ओलसर असला की पोटात अडकून बसतो. मग ड्रायव्हर वरून आत उतरतो आणि पायांनी तुडवून तो खाली पाडतो. खालचं झाकण तेव्हा बंद हवं. पण मागे गाड्यांची रांग लागलेली असते, कारखान्याचा माणूस ओरडत असतो, आणि बंद करून पुन्हा उघडायला वेळ जातो, म्हणून सगळे झाकण उघडं ठेवूनच उतरतात. मका एकदम सुटला तर पायांखालचं सगळं खाली जातं आणि माणूसही त्याच्याबरोबर आत जातो. म्हणून दांडी काढून द्यायची ही सवय तो यार्डातच लावायचा. झाकण बंद करून दांडी उस्तादच्या हातात दिली की ते कोणी उघडू शकत नाही.

उस्ताद हे त्याचं नाव नव्हे. यार्डातले यूपीवाले ड्रायव्हर तसं म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणू लागलो. तो तिथलाच, वडप्याचा. ज्या जमिनीवर यार्ड होतं तिच्या शेजारीच कधी काळी त्यांचं भाताचं शेत होतं. नव्या ड्रायव्हरची ट्रायल घेणं हे त्याचं काम.

मी तोवर भिवंडीत कापडाचे तागे वाहणारा टेम्पो चालवायचो. मालकाने लूम भंगारात काढले, पाठोपाठ टेम्पोही. चार महिने मी घरी होतो. बायको घरीच कपड्यांचे धागे कापायचं काम करायची आणि मी तिच्यासमोर जेवायला बसायला लाजायचो. हेवीचं लायसन होतं, पण अनुभव कुठला, असं जो तो विचारायचा. हॉपरवर माणसं टिकत नाहीत, तिथे घेतील, असं कोणीतरी सांगितलं आणि मी वडप्याला गेलो.

उस्तादने लायसन पाहिलंच नाही. म्हणाला, “तुला भ्याव कसला वाटतो?”

आता नोकरी मागायला आलेला माणूस काय सांगणार? मी छाती काढून म्हटलं, “कसलाच नाही.”

“मंग घरी जा. तुज्यासारखा मना नको.”

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण तो वळून चालायलाही लागला. माझ्यामागे एक धिप्पाड गडी होता. त्याने हे ऐकलं होतं. त्याने घाईघाईने सांगितलं, “उस्ताद, मुझे बीवी से डर लगता है.” उस्ताद खूप हसला. हसून झाल्यावर म्हणाला, “वो घर के लिए रख. इधर दूसरा चाहिए.” आणि त्यालाही घालवलं.

आठ दिवसांनी मी परत गेलो. खरं तेच सांगितलं, की मला पुन्हा घरी बसायची भीती वाटते. “ही बी वाईट भीती हाय,” तो म्हणाला, “पर चल, गाडी काढ.”

केबिनमध्ये तो चप्पल काढून बसायचा. उघडे तळवे पत्र्याला टेकवून. मका आत कसा हलतोय ते पायांना कळतं, असं त्याचं म्हणणं. भरलेला हॉपर वळणावर एका अंगाला झुकतो, ते पहिल्यांदा जाणवलं तेव्हा माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. अंबाडीच्या नाक्यावर वळताना तर मला वाटलं, संपलो. बाजूला पाहिलं तर उस्ताद माझ्याहून पांढरा पडला होता. दोन्ही हातांनी खिडकीचा दांडा घट्ट धरलेला, ओठ हलत होते. “हलू... हलू... अजून हलू.”

“उस्ताद, तुम्हीपण घाबरता?”

“मी तं रोज घाबरतो. तीस वर्सं झाली. लाज कसली त्यात?”

एवढा उघड भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आभाळ भरून आलं की तो गाड्या भरायच्या थांबवायला सांगायचा. ड्रायव्हर कारखान्यातून निघाला की नाही हे विचारायला सारखा फोन करायचा. फोन नाही उचलला तर यार्डाच्या फाटकात जाऊन उभा राहायचा. पोरं त्याची नक्कल करायची, मीही करायचो. ‘हलू हलू’ करत डगमगत चालून दाखवलं की सगळे लोळायचे. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

मला कामाला लागून दोन महिने झाले असतील. वाडा गावाच्या बाजूला कोंबड्यांचं खाद्य करणारा एक कारखाना होता, तिथे मका घेऊन गेलो. मका ओला होता. अर्धं पोट रिकामं झालं आणि मका अडकला. मी खालून हातोडी मारली, काही नाही. मागे सात-आठ गाड्या. सुपरवायझर ओरडला, “अरे उतर ना आत! नवा आहेस का?”

नवा म्हटल्याचा मला राग आला. दांडी झाकणालाच लागलेली, झाकण उघडं, आणि मी वर चढलो.

आत उतरून चार लाथा मारल्या असतील. मग पायांखाली काहीच उरलं नाही. कमरेपर्यंत गेलो, आणि हात टेकायला जावं तर हातही मक्यात. मका छातीपर्यंत आला तेव्हा मी ओरडायला गेलो. पण आवाज फुटला नाही. श्वास सोडला की मका तेवढी जागा घ्यायचा. परत श्वास घ्यायला जागाच राहायची नाही. वर ताडपत्रीच्या फटीतून आभाळाचा एक तुकडा दिसत होता. मला बायकोची, कोणाची आठवण आली नाही. फक्त भीती वाटली, अंगभर, दुसरं काहीच नाही.

आणि मका थांबला.

त्या दिवशी एक ड्रायव्हर आला नव्हता म्हणून त्याची गाडी उस्ताद घेऊन आला होता. रांगेत तिसरा होता तो. माझ्या गाडीखाली दांडी लागलेली आणि जवळ माणूस नाही, एवढं त्याने दुरून पाहिलं आणि धावत येऊन झाकण बंद केलं. मग त्याचा चेहरा वर दिसला.

“हालू नको. तोंडापुढं हात धर. मी हाय.”

ताडपत्रीची दोरी त्याने माझ्या काखेतून घातली. घमेल्याने मका उपसायला तासभर लागला. तेवढा वेळ तो वर पालथा पडून दोरी धरून होता. त्याचे हात इतके थरथरत होते की दोरीतून ते मला छातीपर्यंत कळत होतं. पण दोरी त्याने सोडली नाही.

बाहेर काढल्यावर सगळ्यांनी पाठ थोपटली. कोणी चहा आणला. मी हसायला लागलो, थांबेचना. कसा आत गेलो, कसा वर आलो, हे रंगवून सांगू लागलो. उस्ताद तेवढा हसला नाही. माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटतं, त्या दिवसातला सगळ्यात जास्त घाबरलेला चेहरा तेव्हाचा होता.

दुसऱ्या दिवशी यार्डात गेलो तर त्याने मला गाडी दिली नाही. “तुजं काम संपलं.”

मी आधी समजावलं, मग हातापाया पडलो. पुन्हा असं करणार नाही म्हणून शपथ घेतली.

“माजा भाव बी असाच वाचला होता,” तो म्हणाला. “धाकटा. सगल्यांनी चा पाजला, तो बी हसत होता. मंग त्याचा भ्याव गेला. म्हयन्याभरानं परत उतरला. खाली दांडी मी फिरवली. मना काय म्हाईत, तो आत हाय?”

एवढं ऐकून माणूस गप्प बसेल. मी बसलो नाही. माझी चूल बंद पडत होती. मी म्हटलं, “तुमचा भाऊ मेला त्यात माझा काय दोष?” त्याने मान खाली घातली आणि फाटकाकडे बोट केलं.

तिथून मी हॉपरचं काम शोधत फिरलो. आता अनुभव होता. पण पहिल्या यार्डात नकार, दुसऱ्यात नकार. तिसऱ्या ठिकाणी माझं नाव ऐकताच मुनीम हसला. “तो म्हातारा येऊन गेला. स्कूटरवर सगळी यार्डं फिरतोय. हात जोडून म्हणाला, माजा भाव हाय, त्याला दुसरं कायबी द्या, हॉपर देऊ नका.”

मी तिथेच, गाड्यांच्या वजनकाट्याजवळच्या बाकावर बसलो. इतका चिडलो होतो की डोळ्यांत पाणी आलं. त्या मुनिमानेच मला सुताच्या गाठोड्यांच्या गाडीवर लावलं. ती गाडी मी आजही चालवतो.

उस्तादकडे जायचं मात्र राहून गेलं. आधी राग होता, मग लाज. वडप्यावरून रोज जायचो आणि उद्या उतरू म्हणायचो. दोन वर्षं गेली. एका सकाळी यार्डातल्या एका ड्रायव्हरने सांगितलं, उस्ताद गेला, झोपेतच गेला.

तेराव्याला गेलो. गोदामांच्या मागे घर होतं, अंगणात मांडव. मी कडेला उभा होतो. पंगत बसत होती. एका बाजूला यार्डातले ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला भावकी. पत्रावळी मांडणाऱ्या बाईंनी मला विचारलं, “तू कोनातला रं? घरातला का कामावरचा?”

मला सांगता येईना. काम तर त्यानेच काढून घेतलं होतं. माझ्या तोंडाकडे बघून बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दंडाला धरून मला भावकीच्या ओळीत बसवलं. मी उठलो नाही. पुढ्यात भात आला, आणि मी खाली मान घालून जेवलो.